निळे मसल: रूप सारखे, प्रजाती तीन

उत्तर अटलांटिक, बाल्टिक समुद्र आणि उत्तर पॅसिफिक महासागराच्या थंड किनाऱ्यांवर खडकांना, बंदरांच्या खांबांना आणि दोरखंडांना घट्ट चिकटून राहणारे काळसर निळ्या रंगाचे शिंपले आढळतात. यांना निळे मसल असे म्हणतात. दोन शिंपांमध्ये मऊ शरीर सामावलेल्या द्विपुट मृदुकाय प्राण्यांच्या वर्गात त्यांचा समावेश होतो. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये मसलचे शास्त्रीय वर्णन करून त्याला मायटिलस एड्युलिस हे नाव दिले. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ जगातील अनेक किनाऱ्यांवरचे निळे मसल सर्रास याच नावाने नोंदविले जात होते.

जनुकीय तपासणीमुळे हे चित्र बदलले. उत्तर गोलार्धात या एका नावाखाली किमान तीन प्रजाती वावरत होत्या, हे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्पष्ट झाले. या तिन्ही प्रजाती बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात, काही ठिकाणी एकाच दोरावर वाढतात आणि परस्परांत संकरही करतात. मात्र शिंपेची जाडी, मांसाचे प्रमाण, थंडी व गोडे पाणी सहन करण्याची क्षमता आणि रोगांशी असलेला संबंध या बाबतींत त्या भिन्न आहेत. म्हणूनच त्यांची अचूक ओळख मत्स्यशेती, प्रदूषणमापन आणि हवामानबदलाचा अभ्यास या तिन्ही क्षेत्रांसाठी आवश्यक ठरली आहे.

तीन प्रजाती

पहिली प्रजाती म्हणजे मायटिलस एड्युलिस. पश्चिम व उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेचा अटलांटिक किनारा हे तिचे मुख्य क्षेत्र आहे.

दुसरी मायटिलस गॅलोप्रोव्हिन्शियालिस. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १८१९ मध्ये तिचे नामकरण केले. ही मूळची भूमध्य समुद्राच्या परिसरातील असून तुलनेने उबदार पाणी पसंत करते. जहाजांबरोबर प्रवास करून ती जपान, दक्षिण आफ्रिका आणि कॅलिफोर्निया येथेही स्थिरावली आहे.

तिसरी मायटिलस ट्रॉस्युलस. अमेरिकन शास्त्रज्ञ ऑगस्टस गूल्ड यांनी १८५० मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. थंड आणि कमी क्षारतेच्या पाण्यात ती तग धरून राहते. उत्तर पॅसिफिक, पूर्व कॅनडा, ग्रीनलंड आणि बाल्टिक समुद्र येथे तिचे वास्तव्य आहे.

गूल्ड यांनी दिलेले हे नाव पुढे जवळजवळ विस्मरणात गेले होते. शिंपेवरून वेगळेपण सिद्ध करणे अवघड असल्याने अनेक अभ्यासक ट्रॉस्युलसला एड्युलिसचाच एक प्रकार समजत असत. जनुकीय पुरावा मिळाल्यानंतर हे नाव पुन्हा प्रचारात आले.

शिंपेचा आकार का फसवतो

मृदुकाय प्राण्यांचे वर्गीकरण परंपरेने शिंपेच्या आकारावर, रंगावर आणि आतील स्नायूंच्या खुणांवर आधारलेले आहे. मसलच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते. कारण त्याच्या शिंपेवर परिस्थितीचा ठसा फार खोल उमटतो. दाटीवाटीने वाढलेले मसल लांबट व अरुंद होतात. लाटांचा मारा सोसणाऱ्या खडकांवरील मसल बुटके आणि जाड शिंपेचे असतात. खेकडे किंवा तारामासे यांचा उपद्रव जेथे अधिक, तेथे शिंप अधिक जाड होते. क्षारता कमी असल्यास वाढ खुंटते.

बाल्टिक समुद्र हे याचे ठळक उदाहरण होय. खुल्या महासागराच्या दर किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बाल्टिकच्या मध्यवर्ती भागात हे प्रमाण सहा ते सात ग्रॅमपर्यंत उतरते. तेथील मसल लहानखुरे, पातळ शिंपेचे असून तीन-चार सेंटीमीटरपलीकडे क्वचितच वाढतात. ते खुजे आहेत ते पाण्यामुळे की वंशामुळे, हा प्रश्न केवळ शिंप पाहून सुटण्यासारखा नव्हता.

दुसरी अडचण प्रजननाची आहे. मसल अंडी आणि शुक्रपेशी थेट पाण्यात सोडतात. फलनानंतर तयार होणारे सूक्ष्म डिंभ कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. त्यामुळे दूरदूरच्या वसाहतींची सरमिसळ होते आणि भिन्न प्रजातींच्या शुक्रपेशी व अंडी एकाच पाण्यात एकत्र येतात. संकरित संततीची शिंप दोन्ही पालकांच्या मधली असू शकते, किंवा एकाच पालकासारखीही दिसू शकते.

विकरांच्या अभ्यासापासून प्रारंभ

या कोड्याची पहिली उकल डीएनएच्या वाचनाने झाली नाही. ती प्रथिनांच्या अभ्यासातून झाली. पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी विकरे ही जनुकांच्या आज्ञेनुसार तयार होतात. जनुकात फरक असेल तर विकराच्या रेणूवरील विद्युतभारातही फरक पडू शकतो. स्टार्चच्या घट्ट थरातून विद्युतप्रवाह सोडल्यास असे भिन्न रेणू वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि रंगविल्यानंतर निरनिराळ्या ठिकाणी पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. १९७० आणि १९८० च्या दशकांत ही पद्धत मसलच्या अभ्यासात मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली.

तिच्या साहाय्याने १९८० च्या दशकात पूर्व कॅनडाच्या किनाऱ्यावर दोन वेगळे गट एकत्र राहत असल्याचे आढळले. १९८८ मध्ये मॅकडॉनल्ड आणि कोएन या संशोधकांनी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे ज्याला एड्युलिस म्हटले जात होते, तो मसल दक्षिणेस गॅलोप्रोव्हिन्शियालिस आणि उत्तरेस ट्रॉस्युलस असल्याचे त्यांनी दाखविले. १९९१ मध्ये याच दोघांनी सीड यांच्यासह दोन्ही गोलार्धांतील नमुन्यांची विकरे आणि शिंपांची मोजमापे यांची सांगड घातली. शिंपेचे एकच लक्षण पाहून ओळख पटत नाही, परंतु अनेक मोजमापे एकत्र विचारात घेतल्यास तीन गट बऱ्याच अंशी वेगळे काढता येतात, असे या अभ्यासातून दिसून आले. त्याच वर्षी वाइनोला आणि ह्विल्सोम यांनी बाल्टिकमधील मसल जनुकीयदृष्ट्या ट्रॉस्युलसशी जुळतात, असे प्रतिपादन केले.

या निष्कर्षांचा परिणाम केवळ नावापुरता नव्हता. समुद्रातील प्रदूषण मोजण्यासाठी मसलचा उपयोग करावा, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली होती. मसल पाणी गाळून अन्न मिळवतात आणि त्या पाण्यातील जड धातू व रसायने त्यांच्या शरीरात साठत जातात. दोन ठिकाणच्या मसलमधील प्रमाणाची तुलना केली की कोणते पाणी अधिक दूषित हे कळते. परंतु दोन ठिकाणचे मसल भिन्न प्रजातींचे असतील, तर आढळलेला फरक पाण्याचा की प्राण्याचा, ही शंका उपस्थित होते.

एका जनुकाची खूण

विकरांच्या पद्धतीला एक मर्यादा होती. विकर कार्यक्षम राहण्यासाठी नमुना ताजा किंवा गोठविलेला असणे आवश्यक असे. डीएनए मात्र मद्यार्कात ठेवलेल्या ऊतीतूनही मिळवता येतो. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर या तंत्राने डीएनएच्या अत्यल्प अंशाच्या असंख्य प्रती काढणे शक्य झाले आणि मसलच्या ओळखीला नवे साधन लाभले.

मसल खडकाला चिकटण्यासाठी धाग्यांचा झुपका तयार करतो. त्या धाग्यांच्या टोकाशी असलेल्या चिकट प्रथिनाच्या जनुकातील एक तुकडा तिन्ही प्रजातींत वेगवेगळ्या लांबीचा असतो, असे १९९५ मध्ये इनोउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. डीएनएची लांबी बेस जोड्यांत मोजली जाते. हा तुकडा एड्युलिसमध्ये १८०, ट्रॉस्युलसमध्ये १६८, तर गॅलोप्रोव्हिन्शियालिसमध्ये १२६ बेस जोड्यांचा भरतो.

तपासणीची रीत सोपी आहे. मसलच्या शरीरातील लहानसा तुकडा कापून घेतात व त्यातून डीएनए वेगळा करतात. ठरावीक भागाच्या प्रती काढून त्या जेलीसारख्या थरातून विद्युतप्रवाहाने सरकवतात. आखूड तुकडे पुढे जातात, लांब तुकडे मागे राहतात. एकच पट्टी दिसल्यास तो मसल त्या प्रजातीचा समजला जातो. भिन्न लांबीच्या दोन पट्ट्या दिसल्यास तो संकरित ठरतो. डिंभावस्थेत, जेव्हा शिंपेवरून काहीच सांगता येत नाही, तेव्हाही डीएनए तोच असतो. या कारणांमुळे ही खूण लवकरच जगभर वापरात आली.

आईकडून आणि वडिलांकडूनही

प्राण्यांच्या प्रजाती ओळखण्यासाठी पेशींतील तंतुकणिकांचा डीएनए विशेष उपयुक्त मानला जातो. पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या या कणिकांचा स्वतःचा स्वतंत्र डीएनए असतो. कॅनडाचे शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये त्यातील एका जनुकाचा सुमारे ६५० बेस जोड्यांचा भाग सर्व प्राण्यांसाठी ओळखपट्टी म्हणून वापरावा, असे सुचविले. दुकानातील वस्तूवरील बारकोडशी असलेल्या साधर्म्यामुळे या पद्धतीला डीएनए बारकोड असे म्हटले जाते.

मसलच्या बाबतीत मात्र येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. बहुतेक प्राण्यांत तंतुकणिका केवळ आईकडून संततीला मिळतात. मसलमध्ये दोन वेगळे वारसे चालतात, असे १९९४ मध्ये स्किबिन्स्की आणि झूरोस यांच्या गटांनी प्रसिद्ध केले. आईकडून आलेल्या तंतुकणिका मुलगे व मुली दोघांनाही मिळतात. वडिलांकडून आलेल्या तंतुकणिका मुलग्यांच्या प्रजननग्रंथीत टिकून राहतात आणि पुढे त्यांच्या मुलग्यांकडे जातात. एकाच नराच्या शरीरातील या दोन प्रकारच्या डीएनएमध्ये मोठे अंतर असते. नमुना शरीराच्या कोणत्या भागातून घेतला याकडे दुर्लक्ष झाल्यास एकाच प्राण्याच्या दोन ओळखपट्ट्या मिळू शकतात आणि अस्तित्वात नसलेली प्रजाती असल्याचा भास होऊ शकतो.

बाल्टिकचा धडा

तंतुकणिकांवर सर्वस्वी विसंबून राहण्याचा धोका बाल्टिक समुद्रात आणखी स्पष्ट होतो. तेथील मसलच्या पेशीकेंद्रातील अनेक जनुके ट्रॉस्युलसची आहेत. त्यांच्या तंतुकणिका मात्र एड्युलिसच्या आहेत. पूर्वी कधीतरी दोन प्रजातींचा संकर झाला, संकरित संतती पुन्हापुन्हा ट्रॉस्युलसशी मिसळत गेली आणि एड्युलिसच्या तंतुकणिकांनी मूळ तंतुकणिकांची जागा घेतली, असा याचा अर्थ लावला जातो. डेन्मार्क आणि स्वीडन यांमधील सामुद्रधुनींच्या परिसरात आजही दोन्ही प्रजातींचा संकरपट्टा आढळतो.

केवळ बारकोड वाचणाऱ्याला बाल्टिकचा मसल एड्युलिस वाटेल. केंद्रातील जनुके वाचणाऱ्याला तोच ट्रॉस्युलस वाटेल. कोणतेही एक जनुक प्राण्याचा संपूर्ण इतिहास सांगत नाही, हे यावरून सिद्ध होते. म्हणूनच अलीकडच्या काळात एकाऐवजी अनेक जनुकीय ठिकाणे एकाच वेळी तपासण्याची पद्धत रूढ झाली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या सावधगिरीला आणखी बळ दिले. गॅलोप्रोव्हिन्शियालिसच्या संपूर्ण जनुकसंचाच्या या अभ्यासानुसार सुमारे ४५ हजार जनुके या प्रजातीत सर्वसामान्य आहेत. त्यांखेरीज सुमारे २० हजार जनुके अशी आहेत, की ती काही मसलमध्ये असतात आणि काहींमध्ये नसतात.

शेतकऱ्यांपुढील प्रश्न

मसलची शेती समुद्रात सोडलेल्या दोरांवर केली जाते. पाण्यात वाहत आलेले डिंभ दोराला चिकटतात आणि वाढतात. त्यामुळे कोणते पीक येणार हे निसर्गच ठरवितो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉख एटिव्ह या खाडीत मसल उत्पादकांना पातळ, सहज फुटणाऱ्या शिंपांचे आणि कमी मांसाचे मसल मोठ्या संख्येने आढळू लागले. जनुकीय तपासणीत तेथे तिन्ही प्रजाती आणि त्यांचे संकर असल्याचे निष्पन्न झाले. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

दोष ट्रॉस्युलसचा होता. हाताळणीत आणि वाहतुकीत त्याची शिंप तुटते व माल बाजारात चालत नाही. पूर्व कॅनडातही त्याचे उत्पादनमूल्य एड्युलिसपेक्षा कमी असल्याचे दिसून आले होते. स्कॉटलंडमध्ये २०१३ च्या मत्स्यशेती कायद्याखाली २०१४ मध्ये ट्रॉस्युलसला व्यावसायिकदृष्ट्या हानिकारक प्रजाती म्हणून जाहीर करण्यात आले. बीजरूप मसल एका खाडीतून दुसऱ्या खाडीत नेताना ही प्रजाती पसरण्याचा धोका असतो. नजरेने ओळख पटत नसल्यामुळे अशा निर्बंधांचा आधार प्रयोगशाळेतील तपासणी हाच असतो.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. शेतीसाठी उपद्रवी ठरलेला हा मसल त्या किनाऱ्यावर परका आहेच असे नाही. हिमयुगानंतर कमी क्षारतेच्या खाडीत मागे राहिलेला तो प्राचीन रहिवासी असावा, अशी शक्यताही संशोधकांनी विचारात घेतली. बाहेरून आलेली प्रजाती आणि जुना अवशेष यांत भेद करण्यासाठीही जनुकांचाच पुरावा तपासावा लागतो.

उत्तरेकडील वाटचाल

नॉर्वेच्या उत्तरेस, आर्क्टिक प्रदेशातील स्वालबार्ड द्वीपसमूहात २००४ मध्ये जिवंत निळे मसल आढळले. सुमारे एक हजार वर्षांच्या खंडानंतर ते तेथे परतल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद करण्यात आले. उबदार अटलांटिक पाण्याबरोबर डिंभ तेथे पोहोचले असावेत, असा निष्कर्ष काढण्यात आला. तापणाऱ्या समुद्राची ही खूण म्हणून या शोधाकडे पाहिले गेले.

परंतु तेथे पोहोचला तो मसल कोणता, या प्रश्नाच्या उत्तरावर या घटनेचा अर्थ अवलंबून आहे. ट्रॉस्युलस थंडीला सरावलेला आहे, गॅलोप्रोव्हिन्शियालिस उबदार पाण्याचा आहे. युरोपच्या आर्क्टिक भागांतील पाचशेहून अधिक मसलांची ८१ जनुकीय ठिकाणे तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या उत्तरेकडील प्रदेशात तिन्ही प्रजाती आढळल्याचे त्यात नोंदविण्यात आले. पुढील काळात कोणती प्रजाती वाढते आणि कोणती मागे हटते, हे मोजण्यासाठी अशा नोंदी पायाभूत ठरतात.

परक्या प्रजातीचा कर्करोग

जनुकीय ओळखीमुळे उघडकीस आलेली सर्वांत आश्चर्यकारक बाब रोगासंबंधी आहे. मसलमध्ये रक्ताच्या कर्करोगासारखा एक विकार होतो. कर्करोगाच्या जिवंत पेशीच समुद्राच्या पाण्यातून एका मसलकडून दुसऱ्याकडे जातात, असे कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या ट्रॉस्युलसमध्ये २०१६ मध्ये दिसून आले. २०१९ मध्ये फ्रान्स व नेदरलँड्समधील एड्युलिस आणि दक्षिण अमेरिकेतील चिलीचा मसल यांच्या कर्करोगपेशींचा डीएनए तपासण्यात आला. तो यजमान प्राण्याचा नव्हता. दोन्ही खंडांतील पेशी ट्रॉस्युलसच्या होत्या आणि एकाच मूळ प्राण्यापासून उद्भवलेल्या होत्या. प्रजाती ओळखण्याची साधने उपलब्ध नसती, तर महासागर ओलांडून गेलेल्या या रोगाचे मूळ कळले नसते.

पुन्हा शिंपेकडे

जनुकीय पद्धतीने शिंपेचा अभ्यास निरुपयोगी ठरविला, असे मात्र नाही. रशियाच्या श्वेत समुद्रात एड्युलिस आणि ट्रॉस्युलस एकत्र राहतात. दोन शिंपा जोडणाऱ्या बंधाखाली, शिंपेच्या आतील बाजूस गडद थराची अखंड पट्टी दिसणे हे तेथे ट्रॉस्युलसचे लक्षण ठरते, असे २०१६ मधील अभ्यासात आढळले. हे लक्षण प्रत्येक मसलला तंतोतंत लागू पडत नाही. परंतु एखाद्या वसाहतीत कोणत्या प्रजातीचे प्रमाण किती, याचा अंदाज त्यावरून करता येतो. ट्रॉस्युलस समुद्री वनस्पतींवर, तर एड्युलिस तळावर अधिक आढळतो, हेही याच अभ्यासात दिसले. जनुकांनी आधी गट वेगळे करून दिल्यामुळेच शिंपेवरील ही खूण नेमकी हाती लागली.

थंड समुद्रांतील इतर लहान शिंपल्यांविषयीही असाच अनुभव आला आहे. हायटेला या खडकांच्या भेगांत राहणाऱ्या शिंपल्याच्या एका नावाखाली अनेक जनुकीय शाखा दडलेल्या आढळल्या. अंटार्क्टिक समुद्रातील लिसार्का हा काही मिलिमीटर लांबीचा शिंपला आपली पिले शिंपेच्या आतच वाढवतो. डिंभ दूर वाहून जात नसल्यामुळे बेटाबेटांवरील वसाहती वेगळ्या होत जातात. दिसायला सारख्या असलेल्या या वसाहतींत दडलेल्या प्रजाती असल्याचे संकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळाले.

भारतातील उदाहरण

भारताच्या उष्ण किनाऱ्यांवर निळ्या मसलांऐवजी पर्ना या वंशाचे मसल आहेत. गोव्यात शिणाणे म्हणून आवडीने खाल्ला जाणारा हिरवा मसल याच वंशातील होय. दक्षिण भारतातील तपकिरी मसलला १९७६ मध्ये पर्ना इंडिका असे स्वतंत्र नाव देण्यात आले होते. जनुके व इतर पुरावे एकत्र तपासल्यानंतर २०१६ मध्ये वेगळाच निष्कर्ष निघाला. ही स्वतंत्र भारतीय प्रजाती नसून, ओमान परिसरातून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आलेली पर्ना पर्ना ही प्रजाती आहे, असे संशोधकांनी म्हटले. उत्तर गोलार्धात जनुकांनी एका नावाचे तीन भाग केले, तर येथे दोन नावांचे एक केले.

नाव अचूक असण्याचे महत्त्व या दोन्ही उदाहरणांतून समजते. मसल उत्पादकाला आपल्या दोरावर काय वाढते आहे, प्रदूषण मोजणाऱ्याला आपण कशाची तुलना करतो आहोत आणि हवामानाच्या अभ्यासकाला उत्तरेकडे कोण सरकते आहे, हे कळणे आवश्यक असते. त्यासाठी शिंप, विकरे, केंद्रातील जनुके आणि तंतुकणिका यांपैकी एकाच साक्षीवर न विसंबता सर्वांचा मेळ घालणे, हाच आजवरच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे.